पीएचडीसाठी कृतिसंशोधन: चक्रं कशी आखायची, आणि मुलं मध्येच ऊसतोडीला गेली तर?

तांड्यावरची शाळा (प्रश्न)

नमस्कार. शिक्षणशास्त्रात पीएचडीची नोंदणी झाली आहे, कोर्सवर्कही संपलं. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी मिळून पटावर १८ लेकरं, बहुतेकांच्या घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात. विषय मराठी वाचनाचा घ्यायचा आहे आणि पद्धत कृतिसंशोधनाची (शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण करत-तपासत सोडवायची). आता सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहायला बसले तर अडतंय.

मार्गदर्शक सरांचं म्हणणं असं की आरआरसीत (विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीत) "हे तर बीएडचं काम" म्हणून परत पाठवतील, त्यापेक्षा शेजारच्या शाळेचा नियंत्रित गट (उपाय न केलेला, तुलनेसाठीचा) घ्या. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. दुसरं, दिवाळीच्या सुमारास सहा-सात लेकरं आईबापासोबत कारखान्यावर जातात, ती मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. मग चक्रं किती घ्यायची, केवढी घ्यायची? आणि शिकवणारी मीच, तपासणारी मीच, नोंदी ठेवणारी मीच. यावर व्हायवात (तोंडी परीक्षेत) कोण विश्वास ठेवणार? पालकांची संमती कशी घ्यायची तेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

गोदाकाठ

ताई, सरांची शंका अस्थानी नाही, म्हणून आधी तिचंच बघू.

डीएड-बीएडला कृतिसंशोधन म्हणून जे करून घेतात त्याचा साचा ठरलेला आहे: समस्या, संभाव्य कारणं, कृतिगृहीतक, पूर्वचाचणी, दोन-तीन आठवडे उपक्रम, उत्तरचाचणी, टक्केवारी वाढली, अहवाल जमा. कर्ट लेविन यांनी १९४६ साली ही कल्पना मांडली तेव्हा तिचा जीव फेऱ्यात होता. आखायचं, करायचं, काय घडलं ते तपासायचं आणि त्या तपासणीतून पुढची आखणी बदलायची. स्टीफन कोरी यांनी १९५३ च्या सुमारास ही पद्धत शाळांसाठी मांडली. आपल्याकडच्या साच्यात मात्र फेरा गळून गेला आणि एकच पायरी उरली. समितीला तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ती एकच पायरी दिसली तर आक्षेप येणार आणि तो रास्तच असेल.

पीएचडीत दोन कामं एकावर एक चालतात. खालचं काम वर्गातलं: लेकरं वाचायला लागावीत. वरचं काम प्रबंधाचं: त्या प्रयत्नातून वाचनशिक्षणाबद्दल असं काय कळलं जे आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. सिनॉप्सिसमध्ये दोन्हींचे प्रश्न वेगवेगळे लिहा. खालचा प्रश्न असा: "शब्दस्तरावर अडकलेली मुलं परिच्छेदापर्यंत कशी येतील?" वरचा असा: "घरची भाषा गोरमाटी असलेल्या मुलांना वाचन शिकवताना शिक्षक घरच्या भाषेचा आधार घेतो, तेव्हा मुलांच्या वाचनचुकांचं स्वरूप कसं बदलतं आणि शिक्षकाचे निर्णय कशावरून बदलतात?" पहिल्याचं उत्तर शाळेला हवं असतं, दुसऱ्याचं विद्यापीठाला. नुसता पहिला लिहिला की बीएडचं काम होतं. नुसता दुसरा लिहिला तर शाळा केवळ नमुना होऊन बसते, आणि मग कृतिसंशोधन म्हणायला काही उरत नाही.

सिनॉप्सिसमधली नेहमीची चूक म्हणजे उपाय आधीच ठरवून टाकणं. "चित्रकार्डांचा वाचनक्षमतेवर होणारा परिणाम" असं शीर्षक दिलं की पहिल्या चक्रात कार्डं निकामी ठरली तरी तुम्हाला तीच ओढत न्यावी लागतात. शीर्षकात प्रश्न ठेवा, उपाय नको. पहिलं चक्र तपशिलात लिहा. दुसऱ्यासाठी फक्त निर्णयाची रीत लिहा: कोणत्या नोंदी पाहून, कोणत्या बैठकीत, कोण कोण बसून बदल ठरवणार. समितीला एवढं दिसलं की "पुढचं ठरलेलंच नाही" हा आक्षेप बराचसा गळतो.

नियंत्रित गटाचा आग्रह सरांना समजावून सोडवा. शेजारच्या शाळेत शिक्षक वेगळा, बोली वेगळी, हजेरी वेगळी, त्यामुळे तुलना लंगडी पडते. शिवाय एवढ्याशा पटावर एक लेकरू म्हणजे साडेपाच टक्के. त्यावर टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक तपासणारी संख्याशास्त्रीय चाचणी) लावून येणारा आकडा आधार घेण्यासारखा नसतो. त्यापेक्षा प्रत्येक मुलाची त्याच्याशीच, पाच-सहा वेळा तुलना करा.

मोजमापासाठी असर या शैक्षणिक सर्वेक्षणात वापरतात तशी स्तरचाचणी पुरते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. वाक्य वाक्यासारखं वाचलं आणि तीनपेक्षा जास्त चुका नसल्या तर पुढे गोष्ट द्यायची. नाहीतर मागे येऊन शब्द, पाचपैकी चार आले पाहिजेत. तेही न जमल्यास अक्षरं, पुन्हा पाचपैकी चार. दर वेळी मजकुराचा नमुना वेगळा वापरा. एकच उतारा तीनदा दिला की तो पाठ होतो आणि तुम्ही स्मरणशक्ती मोजत बसता.

आता पटाचा मुद्दा. इथे भले भले फसतात. समजा दिवाळीआधी १८ पैकी ८ मुलं गोष्ट वाचतात, म्हणजे ४४ टक्के. गोष्ट न वाचणारी सहा मुलं कारखान्यावर गेली. डिसेंबरात चाचणी घेतली, एकाही मुलात काडीचा फरक नाही, तरी १२ पैकी ८ म्हणजे ६७ टक्के! आलेख वर गेला आणि शिकलं कुणीच नाही. म्हणून सरासरी किंवा टक्केवारी मुख्य तक्त्यात घेऊच नका. दर मुलाची एक ओळ: संकेत, प्रत्येक चाचणीचा स्तर तारखेसह, शाळा भरलेल्या दिवसांपैकी हजर दिवस, गेल्याची तारीख, परतल्याची तारीख. मग तीन गट आपोआप पडतात: राहिलेली, गेलेली, जाऊन आलेली. तिसऱ्या गटाची परतल्यावर आठवड्याच्या आत चाचणी घ्या. चार-पाच महिन्यांत काय टिकलं आणि काय पुसलं, हा तुमच्या प्रबंधातला सगळ्यात मोलाचा भाग ठरू शकतो. तो दुसऱ्या कुणाला सहज मिळणारही नाही.

वेळापत्रक साधारण असं बसतं: जूनच्या मध्यापासून चार आठवडे नुसती पाहणी आणि पहिली चाचणी. मग पाच आठवड्यांचं पहिलं चक्र. त्यानंतर एक आठवडा थांबायचं. या आठवड्यात नवीन काही सुरू करायचं नाही, नोंदी वाचायच्या आणि बैठक घ्यायची. हा आठवडा गाळला की दोन चक्रं एकमेकांत मिसळतात आणि कोणता बदल कशामुळे केला हे पुढे सांगता येत नाही. मग सहा आठवड्यांचं दुसरं चक्र, दिवाळीआधी संपणारं. तिसरं राहिलेल्या मुलांसोबत, आणि गावात हंगामी वसतिगृह (पालक ऊसतोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणारं) सुरू झालं तर तिथल्या मुलांसोबतही. पुढच्या वर्षी हेच सुधारून. वर्षाला तीन चक्रं पुष्कळ झाली. पाच-सहा घेतली की चिंतनाला वेळ उरत नाही.

नोंदवहीबद्दल. दोनपानी वही ठेवा. डाव्या पानावर फक्त दिसलेलं-ऐकलेलं, उजव्यावर अर्थ आणि पुढचा निर्णय. डावं पान असं दिसेल (म३, म७ हे मुलांचे संकेत, 'याडी' म्हणजे गोरमाटीत आई):

"मंगळवार, ११.१० ते ११.२५. म३, म७, म१२. आठ ओळींची गोष्ट. 'आईने भाकरी दिली' इथे म७ 'याडी... भाकर दिली'. बोट 'आईने'वर. म१२ हसला. म७ थांबली. पुढच्या ओळीवर बोट नेलं नाही."

आणि उजवं:

"चाचणीच्या नियमानं चूक. पण बोट बरोबर शब्दावर होतं, अर्थ बरोबर लागला, शब्द घरचा आला. अडवलं ते हसण्यानं. उद्या गोष्ट आधी गोरमाटीत तोंडी सांगवून घ्यायची, मग वाचन. गट तोच ठेवायचा."

"म७ला वाचन जमलं नाही" एवढंच लिहिलं असतं तर पुढचा निर्णय चुकला असता: अक्षरओळखीचे तक्ते काढले असते, जे तिला नकोच होते. शाळा सुटल्यावर दहा मिनिटांत लिहा. दुसऱ्या दिवशी लिहिलेली नोंद आपोआप गुळगुळीत होते, थांबणं आणि हसणं त्यातून निघून जातं. आठवड्याला तीन नोंदी पुरे. दर शुक्रवारी अर्धा तास मागचं वाचायचं आणि नव्यानं सुचलेलं वेगळ्या शाईनं, तारीख टाकून उजव्या पानावरच लिहायचं. जुनं खोडायचं नाही. तुमचं मत कधी आणि कशामुळे बदललं याचा पुरावा ती दुसरी शाईच देते.

---

काळी माती

मी कृषिविस्ताराच्या बाजूनं लिहितो, कारण चक्र हंगामाला बांधलेलं असण्याची अडचण आमच्याकडे याहून कडक आहे. खरीप वर्षातून एकदाच येतो. पीएचडीला किमान तीन वर्षं धरली तर पहिला खरीप नोंदणी-मान्यतेत जातो, हातात दोन उरतात. दोन फेऱ्यांवर प्रबंध उभा राहत नाही. म्हणून मोठ्या फेऱ्याच्या पोटात लहान फेरे घ्यावे लागतात.

सोयाबीनचंच घ्या. मे महिन्यात घरच्या बियाण्याची उगवण तपासायची: ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा दाणे, गुंडाळी करून सावलीत, गोणपाट ओलं ठेवायचं आणि सहा-सात दिवसांनी मोड मोजायचे. शंभरातले सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या प्रमाणात बियाणं, कमी उगवले तर प्रमाण वाढवायचं किंवा बियाणं बदलायचं. हा आठवड्याचा फेरा. एका वस्तीवर झाला की काय चुकलं (पाणी जास्त झालं, दाणे कुजले, मोजणी दोघांची वेगळी आली) ते दुरुस्त करून पुढच्या वस्तीवर. एका मे महिन्यात तीन फेरे होतात.

यातून ताईंच्या कामाचे दोन मुद्दे.

पहिला: चक्राची सुरुवात-शेवट तारखेवर बांधू नका, घटनेवर बांधा. पेरणी अमुक तारखेला असं आम्ही लिहीत नाही, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर असं लिहितो. कारखान्यांचा हंगाम दर वर्षी थोडा मागेपुढे होतो. तुम्ही सिनॉप्सिसमध्ये "दुसरं चक्र पहिली टोळी निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी संपेल" असं लिहा. मुकादमानं उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) कधी वाटली आणि गाड्या कधी येणार हे पालकांना सप्टेंबरातच बरंचसं कळलेलं असतं. त्यांना विचारा आणि ते नोंदीत घ्या.

दुसरा: मोड कोण मोजतं यावर सगळं ठरतं. मी मोजले तर ते प्रात्यक्षिक. शेतकऱ्यानं मोजले, त्यालाच सत्तराचा आकडा कमी वाटला आणि काय करायचं हे त्यानं ठरवलं, तर ते कृतिसंशोधन. तुमच्याकडे मोजणाऱ्यांत पालक आणि मुलं कुठे आहेत? चौथीतलं लेकरू स्वतःचा स्तर स्वतःच्या पट्टीवर रंगवू शकतं. पालकांपैकी एकजण गोष्ट गोरमाटीत सांगायला आठवड्यातून एकदा येऊ शकतो. अशा माणसांना चिंतनाच्या बैठकीतही बसवा. फक्त कृतीत घेतलं आणि निर्णयात वगळलं, तर सहभाग हा शब्द प्रबंधात वापरू नका.

एक सावधगिरी. मोफत बियाणं दिलं की शेतकरी सगळ्याला हो म्हणतो. शाळेत वह्या-दप्तरं वाटून संमती घेतली तर तेच होईल.

---

दुधना

विश्वासार्हता आणि संमतीचं राहिलं होतं, तेवढं लिहितो.

"मीच शिकवलं, मीच तपासलं" ही गोष्ट लपवायची नसते, ती पहिल्याच पानावर सांगायची असते. मग तिच्यावर चार बंध घालायचे. एक, प्रत्येक चाचणीत सहा मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि केंद्रातल्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून त्यांची स्वतंत्र चाचणी घ्या, त्याच दिवशी, तुमचे निकाल न दाखवता. सहापैकी किती जुळले ते जसंच्या तसं छापा. जिथे जुळलं नाही तिथे का, ते दोघांनी बसून लिहा. एखाद्या 'याडी'वरून मतभेद होईल आणि तो प्रबंधाला लाखमोलाचा असेल. दोन, प्रत्येक दाव्याला तीन वेगवेगळ्या ठिकाणचा आधार: चाचणी, वही, आणि मुलांचं किंवा पालकांचं बोलणं. तिन्ही एकाच दिशेला नसतील तर तसं लिहा. तीन, चिकित्सक मित्र. असा माणूस शोधा जो तुमचा हाताखालचा नाही, वरिष्ठ नाही आणि तोंडावर "हे तुमच्या नोंदीतून निघत नाही" म्हणू शकतो. चक्र संपलं की दोन पानी चक्र-अहवाल त्याला द्या: काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, काय सोडलं, पुढे काय बदलणार आणि कोणत्या नोंदीवरून. चार, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्राला संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडावीच लागते. तिथे हाच चक्र-अहवाल जमा करा. तुमचा निर्णय निकाल कळण्याआधी घेतला होता याचा तारखेसह पुरावा विद्यापीठाच्याच फायलीत राहतो.

व्हायवात हमखास विचारतात: "१८ मुलांवरून सामान्यीकरण कसं करणार?" करणार नाही, असं स्पष्ट सांगा. दुसऱ्या तांड्यावरच्या शिक्षकाला आपल्या वर्गाशी ताडून पाहता यावं इतका तपशील देणं ही तुमची जबाबदारी: पट, बोली, हजेरी, तासिकेची वेळ, साहित्य, काय फसलं. फसलेलं चक्र वगळलं तर हे ताडणंच अशक्य होतं.

संमती. मुलं आठ-दहा वर्षांची, म्हणजे पालकांची लेखी संमती हवीच. मुलांनाही विचारायचं असतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या वयात पालकांसमोर तोंडी होकार घेऊन त्याची नोंद करायची. अंगठा असेल तर साक्षीदार ठेवा. सह्या तुम्ही स्वतः गोळा करू नका, बाईंना नाही कसं म्हणायचं हा संकोच असतो. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्यानं गोरमाटीत समजावून सांगावं, तुम्ही त्या वेळी खोलीबाहेर असावं. दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या: शिकवणं सगळ्यांना सारखंच मिळणार, संमती फक्त नोंदी प्रबंधात वापरायला हवी आहे. नाही म्हणणाऱ्याच्या नोंदी वापरायच्या नाहीत, पण लेकराला गटातून काढायचं नाही. हे सगळं जुलैत उरका. ऑक्टोबरात अर्धी घरं बांधाबांधीत असतात. मुख्याध्यापकांचं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र त्याआधी, तारखेसह.

नावं बदलून भागत नाही. तालुका, तांडा आणि दोनशिक्षकी शाळा एवढं लिहिलं की ओळख पटते. तालुका गाळा. आणि ज्या वर्गाचे फोटो केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलेत, तेच फोटो प्रबंधात नकोत. त्या एका फोटोनं सगळे संकेतांक उघडे पडतात. फोटो लागलाच तर हात, वही, फळा एवढाच.

---

तांड्यावरची शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. टक्केवारीचा तो हिशेब मी मागच्या वर्षीच्या पटावर करून पाहिला आणि हबकलेच. दोन शंका उरल्यात. सहशिक्षक सरांचं स्थान काय लिहू? आणि प्रबंधात "मी" लिहू की "संशोधकाने"? विद्यापीठाचा आराखडा पाच प्रकरणांचा आहे, त्यात चक्रं कुठे बसवू?

---

गोदाकाठ

सहशिक्षक बैठकांना बसून निर्णय घेत असतील तर सहसंशोधक, नुसती मदत करत असतील तर सहकारी. कोणतं ते आत्ताच त्यांच्याशी बोलून एका कागदावर लिहा, दोघांनी सही करा. नोंदी कोणाच्या, लेखात नाव कोणाचं, त्यांची बदली झाली तर काय, हेही त्याच कागदावर. प्रबंध एकट्याच्या नावावर जातो, म्हणून हे आधी बोललेलं बरं.

"मी"बद्दल: मार्गदर्शक सर ऐकत असतील तर निर्णय जिथे आहे तिथे "मी" लिहा, बाकी नेहमीची शैली. "संशोधकाने ठरवले" असं लिहिलं की कुणी, कोणत्या अडचणीत, काय पाहून ठरवलं ते हरवतं. अजिबात ऐकत नसतील तर "संशोधक-शिक्षिका" वापरा, दोन्ही भूमिका निदान दिसतात.

पाच प्रकरणांचा आराखडा मोडायची गरज नाही. तिसऱ्यात पद्धत आणि तुमचं स्थान. चौथ्यात प्रत्येक चक्राचा स्वतंत्र उपविभाग, काळाच्या क्रमानं, आणि आतला क्रम एकच: आखणी, कृती, निरीक्षण, चिंतन. चक्रांचे निकाल एकत्र करून विषयवार मांडू नका, त्यानं बदल कसा झाला ते दिसत नाही. विषयवार मांडणी पाचव्यात, वरच्या प्रश्नाचं उत्तर देताना. साहित्याचा आढावाही दोन हप्त्यांत लिहा. चक्रांच्या ओघात नवीन वाचावं लागेल, म७सारख्या नोंदीनंतर बहुभाषिक वाचनाबद्दलचं शोधावंच लागेल, ते त्या चक्राच्या उपविभागातच येऊ द्या आणि दुसऱ्या प्रकरणात त्याचा नुसता उल्लेख करा.

आणि वही आजच आणा, दोनशे पानी, शिवलेली. सुट्या कागदांचा क्रम पुढे सिद्ध करता येत नाही. पानांना क्रमांक आधीच घालून ठेवा.